घरातल्या उष्ण प्रदेशातल्या झाडांना पाणी: वरून, तळातून, वातीने की साठ्याच्या कुंडीतून?

पानोपान यांचा प्रश्न

घरात वीसेक कुंड्या आहेत, सगळी उष्ण प्रदेशातली झाडं. पाणी द्यायची एकच पद्धत सगळ्यांना लावावी की गट पाडावेत, हे ठरवायचं आहे. तपशील असा:

मोठा मॉन्स्टेरा २५ सेंमीच्या प्लास्टिकच्या कुंडीत. फिलोडेंड्रॉन, मनीप्लांट, दोन पीस लिली आणि तीन कॅलेथिया १५ सेंमीच्या कुंड्यांत. शिवाय अँथुरियम, अ‍ॅलोकेशिया, झीझी, स्नेक प्लांट आणि झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावलेलं एक फॅलेनॉप्सिस ऑर्किड. निम्म्या कुंड्यांत बागेची माती आणि गांडूळखत, बाकीच्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे). थोडी झाडं पूर्वेच्या खिडकीशी, उरलेली खिडकीपासून दोन-तीन मीटर आत. सध्या सगळ्यांना आठवड्यातून दोनदा, वरून, एकेक पेला.

अडचणी: एक पीस लिली मलूल होऊन पडली आहे, पण माती हाताला ओलीच लागते. कॅलेथियाच्या पानांची टोकं आणि कडा करपताहेत. कुंड्यांभोवती चिलटं फिरतात. लवकरच १२ दिवस घर बंद राहणार आहे. मातीत खुपसून ओल दाखवणारा काटा मिळतो, तो घ्यावा का तेही सांगा.

मुळाशी यांचं उत्तर

पद्धत मागाहून, आधी मिश्रण. तुमच्या यादीतली बरीच झाडं रानात पालापाचोळ्यात, खोडांवर किंवा भुसभुशीत जमिनीच्या वरच्या थरात वाढतात. तिथे पाऊस धो धो पडतो, पण मुळांशी साचून राहत नाही. कुंडीत नेमकं साचतं. प्राणवायू पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. ओल्या मातीत पीस लिली माना टाकते ती याच कारणाने. झाड तहानलेलं दिसतं म्हणून आणखी पाणी घातलं की पिथियमसारख्या रोगकारकांना रान मोकळं मिळतं आणि मूळकूज सुरू होते.

दुसरी गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. कुंडीतून जास्तीचं पाणी निथळून गेलं तरी तळाचा एक थर चिंबच राहतो. बारीक मिश्रणात तो चार-पाच सेंमी, कधी त्याहूनही जाड असतो. त्याची जाडी मिश्रणातल्या कणांवर ठरते, कुंडी उंच आहे की बुटकी यावर नाही. म्हणून तेच मिश्रण बुटक्या कुंडीत भरलं तर निम्मी कुंडी चिखल, आणि उंच कुंडीत भरलं तर वरचा मोठा भाग वाफशावर, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेला. तळाशी खडी किंवा खापऱ्यांचा थर घातला की निचरा वाढतो हा समज सोडून द्या. त्या थराने चिंब भाग आणखी वर, म्हणजे मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर एक जाळीचा तुकडा पुरे.

बागेची माती घरातल्या कुंडीत नकोच. बाहेर ऊन-वारा असतो, गांडुळं असतात, खाली जमीन पाणी ओढून घेते. घरात यातलं काहीच नाही. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, पीस लिली यांना ५ भाग कोकोपीट, ३ भाग परलाइट, १ भाग चाळलेलं गांडूळखत आणि १ भाग सालीचे लहान तुकडे चालतात. मॉन्स्टेरा आणि अँथुरियमला साल आणि परलाइट मिळून निम्म्याहून जास्त हवं. कोकोपीट धुतलेलं घ्या. न धुतलेल्यात मीठ असतं आणि मग टोकं करपल्याचा दोष पाण्यावर जातो.

आता पाणी. एकेक पेला आठवड्यातून दोनदा, यातल्या दोन्ही गोष्टी बदलायला हव्यात. एका पेल्याने वरचे पाच-सात सेंमी ओले होतात, बाकीचं पाणी कडेने पळून जातं, मधला गोळा कोरडा राहतो. आणि वार ठरवून पाणी दिलं की खिडकीजवळच्या झाडाला ते कमी पडतं, आतल्याला जास्त होतं. झाडाचा पाण्याचा खप मुख्यतः उजेडावर ठरतो. तेच झाड, तीच कुंडी, पण खिडकीपासून तीन मीटर आत गेली तर सुकायला दुप्पट-तिप्पट वेळ सहज लागतो.

वरून द्यायचं तर असं द्या: बारीक नळीची झारी, पाणी खोलीच्या तापमानाचं. सगळीकडून हळूहळू घाला, भोकातून थेंब पडायला लागले की थांबा. दहा मिनिटांनी पुन्हा घाला, कारण पहिल्या खेपेला कोरडं कोकोपीट पाणी धरत नाही. घातलेल्या पाण्यातला पाचवा हिस्सा खाली आला म्हणजे कुंडी भरली. अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. बाहेरची शोभेची कुंडी असेल तर आतली उचलून बघा, तिथे साचलेलं पाणी वरून दिसत नाही.

परत कधी द्यायचं याला वजनकाटा. स्वयंपाकघरातला ५ किलोचा चालतो. १५ सेंमीच्या कोकोपीट-परलाइटच्या कुंडीचं उदाहरण घ्या. भरपूर पाणी घालून अर्धा तास निथळल्यावर वजन समजा १४५० ग्रॅम. पानं जेमतेम सैल पडायला लागली तेव्हा ८५० ग्रॅम. म्हणजे झाडाच्या उपयोगाचं पाणी ६०० मिली, कारण एक ग्रॅम म्हणजे एक मिली. मनीप्लांट आणि फिलोडेंड्रॉनला निम्मं गेलं की, म्हणजे ११५० ग्रॅमला पाणी. पीस लिली आणि कॅलेथियाला तिसरा हिस्सा गेला की, १२५० ग्रॅमला. झीझी आणि स्नेक प्लांटना वजन उतरायचं थांबेपर्यंत हात लावू नका. कुंडीवर कागदी पट्टी चिकटवून दोन आकडे लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी झाड वाढतं, आकडे पुन्हा काढावे लागतात. पुढे पुढे काटा लागत नाही, उचलल्यावर हाताला कळतं.

खुपसायचा काटा घेऊ नका. साधे काटे ओल मोजतच नाहीत, टोकाला वीज किती वाहते ते मोजतात. खतातले क्षार जास्त असले तर कोरड्या मातीतही सुई ‘ओलं’ दाखवते, आणि साल-परलाइटच्या पोकळीत टोक अडकलं तर भिजलेल्या कुंडीतही ‘कोरडं’. मोठ्या कुंडीत लाकडी काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवा. काडीचा रंग गडद झाला आणि कण चिकटून आले तर थांबा.

तळओल

मुळाशी यांनी मिश्रणाचं लिहिलं ते अगदी बरोबर. पण लहान कुंड्यांना मी तळातूनच पाणी द्यायला सांगेन, विशेषतः कॅलेथियाला. कोकोपीट-परलाइट एकदा फार कोरडं पडलं की आकसतं, कडेला फट पडते आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून थेट बशीत येतं. आपल्याला वाटतं, पाणी झालं.

पसरट टब घ्या, कुंडीच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाइतकं पाणी भरा, कुंडी त्यात ठेवा. १५ सेंमीच्या कुंडीला २० ते ३० मिनिटं, अगदी वाळलेली असेल तर ४५. वरचा थर हाताला गार लागला किंवा त्याचा रंग बदलला की काढायची आणि जाळीवर १५ मिनिटं निथळू द्यायची. टबात विसरून रात्रभर राहिली तर सगळा फायदा मातीत.

सगळ्या कुंड्या एकाच टबात एकदम बसवू नका. एका कुंडीत मूळकूज असेल तर पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहतात आणि शेजारच्या कुंडीत पोचतात. मुळांवरचा पांढरा पिठ्या ढेकूणही असाच फिरतो. प्रत्येक खेपेला पाणी बदला, नाहीतर ज्याची त्याची वेगळी बशी ठेवा.

चिलटांवरही याचा उपयोग होतो. त्यांच्या अळ्या वरच्या दोन-तीन सेंमीत बुरशी आणि कुजकं खात राहतात. तळातून पाणी दिलं की वरचा थर लवकर सुकतो, आणि तो कोरडा राहिला की अंडी घालायला जागा उरत नाही. मात्र आहेत त्या अळ्या एवढ्याने मरत नाहीत. बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिसची भुकटी पाकिटावरच्या मात्रेत पाण्यात मिसळा आणि आठवड्यातून एकदा असं चार आठवडे वरून ओता. इथे वरूनच, कारण अळ्या वर असतात. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद. त्यांनी चिलटं संपत नाहीत, पण दर आठवड्याला किती चिकटली ते बघून उपाय लागू पडतोय का ते कळतं.

एक तोटा सांगायलाच हवा. तळातून चढणारं पाणी क्षार बरोबर घेऊन वर येतं, पाणी उडून जातं, क्षार वरच राहतात. मातीवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो तो हाच. म्हणून दर चौथ्या-पाचव्या खेपेला वरून, आणि दोन महिन्यांतून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी वरून ओतून सगळं धुऊन काढायचं. १५ सेंमीच्या कुंडीला साधारण पाच-सहा लिटर.

२० सेंमीच्या वर हा खटाटोप करू नका. भिजलेली कुंडी उचलताना एकतर पाठ जाते नाहीतर मॉन्स्टेराचं पान.

मुळाशी

तळातून द्यायला हरकत नाही, पण कॅलेथियाची टोकं त्याने सुधारणार नाहीत. क्षार हेच कारण असेल तर उलट वाढेल. तिला वरूनच द्या आणि दर खेपेला थोडं वाहू द्या.

वातकरी

पीस लिली आणि कॅलेथिया ही दोन्ही झाडं सतत हलक्या ओलीवर खूश असतात. त्यांना वात लावा, म्हणजे खालच्या डब्यातलं पाणी दोरीने कुंडीत चढू द्या. १२ दिवसांचा प्रश्नही सुटतो. आफ्रिकन व्हायोलेट वाढवणारे ही पद्धत सर्रास वापरतात.

दोरी नायलॉन, पॉलिएस्टर किंवा अ‍ॅक्रिलिकची, ४ ते ५ मिमी जाड, विणलेली. सुती दोरी सुरुवातीला छान पाणी ओढते, पण सतत ओलीत दोन-तीन महिन्यांत कुजते आणि नेमकी आतून तुटते. नव्या दोरीला कारखान्यातलं तेलकट लेपण असतं. गरम पाण्यात साबण घालून धुवा, मग एक टोक रंगीत पाण्यात बुडवून उभी टांगा. तासाभरात रंग दहा सेंमी चढला नाही तर ती दोरी कपडे वाळत घालायला ठेवा.

१५ सेंमीच्या कुंडीला एक वात, २० ला दोन. भोकातून दोरी आत घ्या, तळाशी एक वेढा द्या आणि निम्म्या उंचीपर्यंत वर न्या. लावलेल्या झाडाला नव्याने घालायची असेल तर जाड सुईला किंवा विणकामाच्या सुयेला बांधून खालून वर ओढून घेता येते, झाड उपटायची गरज नाही. खाली १० ते १२ सेंमी शेपूट सोडा. कुंडी झाकणाच्या डब्यावर बसवा, झाकणाला दोरीपुरतं भोक. पाण्याची पातळी कुंडीच्या तळापासून दहा सेंमीहून खाली जाऊ देऊ नका, त्याखाली ओढ मंदावते. डबा अपारदर्शक हवा, नाहीतर आठवड्यात शेवाळं धरतं, आणि झाकण घट्ट हवं, नाहीतर डास.

सुरू करण्यापूर्वी कुंडीला वरून एकदा भरपूर पाणी द्या. कोरड्या मिश्रणात कोरडी वात काहीच ओढत नाही, आणि ‘वात चालत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांचं इथेच अडलेलं असतं.

मिश्रण यासाठी आणखी हलकं लागतं, निम्मं कोकोपीट आणि निम्मं परलाइट. डब्यातलं पाणी संपल्यावर लगेच भरू नका, दोन दिवस जाऊ द्या, तेवढ्यात मुळांना हवा मिळते. खत द्यायचं तर पाकिटावर लिहिलेल्या मात्रेचा चौथा हिस्सा, कारण ते रोज पोचतंय. महिन्यातून एकदा डबा घासा आणि कुंडी वरून धुवा.

बाजारात मिळणाऱ्या साठ्याच्या कुंड्यांचं तत्त्व हेच, फक्त वातीऐवजी मिश्रणाचा एक खांब पाण्यात उतरलेला असतो. घ्यायची असेल तर जादा पाण्याचं भोक आणि तरंगता दर्शक आहे का ते बघा. नवं झाड लावल्यावर पहिले तीन-चार आठवडे साठा रिकामा ठेवून वरूनच पाणी द्या, मुळं खाली उतरली की मग साठा भरा.

मुळाशी

वातीबद्दल एक इशारा. माती-गांडूळखताच्या कुंडीत वात घालणं म्हणजे मूळकुजीला घरपोच सेवा. आधी मिश्रण बदला. अँथुरियम, झीझी, स्नेक प्लांट आणि ऑर्किड यांना वात नकोच. मॉन्स्टेराला चालते, पण २५ सेंमीच्या कुंडीतलं मोठं झाड डब्यावर तोलून धरणं हे वेगळंच काम आहे. अ‍ॅलोकेशियाला उन्हाळ्यात हरकत नाही. खोलीचं तापमान १६ अंशांखाली जायला लागलं की तिची वाढ थांबते, पानं गळतात. अशा वेळी वात तशीच राहिली तर जमिनीतला कंद सडतो.

ऑर्किडचं सोपं आहे. मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी दिसताहेत तोवर थांबा. पारदर्शक कुंडी त्यासाठीच असते. साल पाणी लगेच शोषत नाही, म्हणून १५ मिनिटं बुडवून पूर्ण निथळवा. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी राहिलं तर कागदाने टिपून घ्या, तिथून कूज शिरली तर झाड सहसा हातचं जातं.

पानोपान

सगळ्यांचे आभार. मलूल पडलेली पीस लिली कुंडीतून काढली. खालची निम्मी मुळं तपकिरी, चिमटीत धरली की साल निसटून आत धाग्यासारखं उरतं, आंबूस वास येतो. वरची पांढरी आणि टणक आहेत. किती कापायचं? त्याच कुंडीत परत लावू का?

मुळाशी

वरची पांढरी मुळं टिकली आहेत, म्हणजे झाड वाचतं. माती नळाखाली सगळी धुवा. साल निसटणारं प्रत्येक मूळ टणक भागापर्यंत कापा, कात्री दोन कापांमध्ये ७० टक्के अल्कोहोलने पुसा. मुळं निम्मी गेली तर पानंही तिसरा हिस्सा कमी करा, आधी पिवळी आणि जुनी. उरलेली मुळं सगळ्या पानांना पाणी पुरवू शकणार नाहीत.

कुंडी लहान घ्या. उरलेल्या मुळांभोवती सगळीकडून दोन सेंमी जागा राहील एवढीच, तुमच्या झाडाला बहुधा १० ते १२ सेंमीची पुरेल. मोठ्या कुंडीतलं जास्तीचं मिश्रण पाणी धरून बसतं आणि ते ओढायला तिथे मूळच नसतं. तीच कुंडी धुऊन वापरायची ठरवलीत तरी आकार जमणार नाही. जुनी माती दुसऱ्या घरातल्या कुंडीत घालू नका.

नव्या कुंडीला एकदाच पाणी द्या, निथळू द्या, मग वरचे तीन सेंमी सुकेपर्यंत थांबा. नवी पानं येईपर्यंत खत बंद. जागा उजेडाची, थेट उन्हाची नाही. पहिला आठवडा पारदर्शक पिशवी सैलसर घातलीत तर पानांतून पाणी कमी उडेल. पानं आणखी पडली तरी झारी हातात घेऊ नका, वजन बघा. बुरशीनाशक ओतल्याने कुजलेलं मूळ परत येत नाही, त्यामुळे त्याच्या मागे लागायचं कारण नाही.

क्षारमापी

कॅलेथियाकडे वळतो. टोकं आणि कडा करपण्याची तीन मुख्य कारणं: मिश्रण मध्येच पूर्ण कोरडं पडणं, साचलेले क्षार आणि पाण्यातलं फ्लोराइड. कोरडी हवा भर घालते. मॅरांटाच्या कुळातली ही झाडं, ड्रॅसीना आणि स्पायडर प्लांट फ्लोराइडला हळवे असतात. मनीप्लांट आणि मॉन्स्टेरा त्याच पाण्यावर मजेत असतात, त्यामुळे पाण्याचा संशय येत नाही.

नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की ‘सगळं उडून जातं’ असं सांगतात. क्लोरीन बऱ्याच अंशी उडतो. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो नाही उडत. फ्लोराइड आणि क्षार तर मुळीच नाहीत, उलट पाणी आटलं तेवढे ते घट्ट होतात. उकळल्याने कठीणपणा काही अंशी तळाशी बसतो, फ्लोराइड जिथल्या तिथे.

विरघळलेल्या घटकांचं मापक आणा. २०० भाग प्रति दशलक्षाखाली असेल तर कॅलेथियालाही ते पाणी क्षारांच्या बाजूने ठीक. २०० ते ५०० मध्ये बाकीच्या झाडांना चालवा, कॅलेथियाला निम्मं पावसाचं किंवा क्षार काढणाऱ्या (आरओ) शुद्धीकरण यंत्राचं पाणी मिसळा. ५०० च्या वर सगळ्यांनाच मिसळून द्या. मापक फक्त एकूण क्षार सांगतं, त्यातलं फ्लोराइड वेगळं दाखवत नाही. म्हणून आकडा कमी येऊनही टोकं करपतच राहिली तर तीन महिने फक्त पावसाचं किंवा शुद्ध पाणी देऊन बघा. करपलेला भाग परत हिरवा होत नसतो, नव्या पानावर लक्ष ठेवा.

दोन पाणी टाळा. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी झाडांना घालण्याची सवय सर्रास दिसते, पण त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. फरशीला वापरा. आणि मीठ घालून चालणाऱ्या मृदुकारकाचं (पाण्याचा कठीणपणा घालवणाऱ्या यंत्राचं) पाणी, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. वातानुकूलकातून गळणारं पाणी क्षारमुक्त असतं, मात्र त्यात धातूचे अंश आणि बुळबुळीत थर येऊ शकतो. अधूनमधून चालेल, एकमेव पाणी म्हणून नको. पूर्ण शुद्ध पाणीच देत असाल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं खत घ्या, नाहीतर नवी पानं वेडीवाकडी येतात. सुपरफॉस्फेट टाळा, त्यात फ्लोराइड असतं.

पाणी शिंपडण्याचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. फवाऱ्याने हवेतली आर्द्रता काही मिनिटंच वाढते. पानं रात्रभर ओली राहिली तर डाग पडतात, तो त्रास मात्र टिकतो.

पानोपान

१२ दिवसांसाठी वातीचे डबे कॅलेथिया आणि उरलेल्या पीस लिलीला करतो, मिश्रण आधी बदलून. बाकीच्यांचं काय? पाण्याने भरलेली बाटली मातीत उलटी खोचायचं बऱ्याच ठिकाणी वाचलं.

वातकरी

मिश्रण बदलून लगेच निघू नका. किमान तीन आठवडे आधी बदला आणि निदान आठवडाभर वात चालताना बघा. डबा किती मोठा हे वजनावरूनच काढा: कुंडीचं वजन सहा दिवसांत ३०० ग्रॅम उतरत असेल तर रोजचे ५० मिली, १२ दिवसांचे ६००. एक लिटरचा डबा घ्या. पातळी खाली जाईल तशी ओढ कमी होते, म्हणून उथळ आणि पसरट डबा उंच बरणीपेक्षा बरा.

उलट्या बाटलीवर भिस्त ठेवू नका. ती मातीची ओल ओळखत नाही, तोंड मातीने किती बसलंय एवढ्यावरच चालते. साल-परलाइटमध्ये तासाभरात रिकामी होते, चिकट मातीत अजिबात उतरत नाही. भाजक्या मातीचे खुंटे बरे, पण तेही मिश्रण त्यांना चहूबाजूंनी टेकलं असेल तरच पाझरतात.

झीझी, स्नेक प्लांट: काही करू नका. मॉन्स्टेरा: निघायच्या आदल्या दिवशी निथळेपर्यंत पाणी, खिडकीपासून दीड मीटर आत, २५ सेंमीची कुंडी १२ दिवस निघते. मनीप्लांट आणि फिलोडेंड्रॉन तसेच आत सरकवा. परतल्यावर थोडे सैल दिसले तरी पाणी मिळाल्यावर संध्याकाळपर्यंत उभे राहतात. अँथुरियम आणि ऑर्किड पूर्ण भिजवून निथळवा, पारदर्शक पिशवीत घाला, वरचं तोंड दोन बोटं उघडं ठेवा आणि ऊन अजिबात येणार नाही अशी जागा द्या. उन्हातली पिशवी दोन तासांत पानं शिजवते.

एका बादलीतून अनेक कुंड्यांना दोऱ्या सोडणार असाल तर बादली कुंड्यांपेक्षा उंच ठेवू नका. पाण्याची पातळी दोरीच्या दुसऱ्या टोकापेक्षा वर असली की ओल चढणं थांबतं आणि पाणी सरळ उताराला लागतं. मग कुंडीला गरज असो नसो, दोरी बादली रिकामी करूनच थांबते. बादलीतल्या पाण्याची वरची पातळी कुंडीतल्या मिश्रणाच्या तळापेक्षा पाच सेंमी तरी खाली हवी, आणि निघायच्या आधी दोन दिवस कोरड्या बशा खाली ठेवून बघा. बशीत पाणी आलं तर बादली आणखी खाली घ्या.